रिसर्च सेंटर बंद करणाऱ्या आमच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, संचालक मंडळ आणि कॉलेज डेव्हलपमेंट कमिटीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सांगलीत ज्याला कळायचं त्याला ते कळतंयच, आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. बॉटनी आणि झूऑलॉजीचं पीएचडीचं रिसर्च सेंटर यंदापासून बंद, नवीन ॲडमिशन नाहीत, जी पोरं मधेच आहेत त्यांनी दुसरीकडं गाईड बघावा आणि खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सेल्फ फायनान्स कोर्ससाठी कॉम्प्युटर लॅब होणार, असं ठरलंय म्हणे. नोटीस बोर्डवर एवढुसा कागद लागलाय, कारण एकच लिहिलंय, 'तांत्रिक अडचणी'. चर्चा नाही, माजी विद्यार्थ्यांना विचारणं नाही, काही नाही.

मी ह्याच कॉलेजातनं एमएस्सी झूऑलॉजी केलं, एंटोमॉलॉजी म्हणजे कीटकशास्त्र स्पेशल. आता तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. कीटकनाशकाच्या लायसनला डिग्री लागते आणि त्यात झूऑलॉजी चालते, म्हणजे तुमच्याच डिग्रीवर माझं पोट चाललंय असं म्हणा. माझा धंदा औषधं विकायचा आहे आणि ह्या पत्रात मी जे मागतोय त्यानं माझ्या दुकानातल्या दोन-चार बाटल्या कमीच खपतील, तेव्हा ह्यात माझा स्वार्थ शोधत बसू नका.

आमच्याकडं द्राक्षाला जानेवारी-फेब्रुवारीत माल तयार व्हायला आला की मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, वर चढतो आणि नेमकं तेव्हाच जास्त फवारता येत नाही कारण रेसिड्यूची, म्हणजे मालात औषधाचा अंश उरायची भीती, एक्सपोर्टचा माल असला तर विचारूच नका. मागं एकदा असाच एक बागायतदार दुकानात आला, हातात चटणीची प्लास्टिकची बरणी, आत घडाचा तुकडा आणि त्याच्यावर पांढऱ्या झिरमिळ्या लागलेल्या अळ्या. म्हणाला, भाऊ, मिलीबग बघा केवढा झालाय, आता कायतरी जालीम द्या, शेजारच्या प्लॉटमधी पण जाईल. तेवढ्यात कंपनीचा पोरगा तिथंच बसलेला, त्यानं लगेच दोन औषधांची नावं सांगितली, टँकमिक्स करा म्हणाला. मला अळीची चाल बघून डाऊट आला, मिलीबग एवढा पळत नाही. म्हणून मी बरणी घेऊन आपल्या कॉलेजला गेलो.

तिथं पीएचडी करणारी एक पोरगी होती, तिनं काहीएक न बोलता अळी डिशमध्ये काढली, मायक्रोस्कोपखाली धरली, ब्रशनं पाठीवरचं मेण बाजूला केलं, खाली करडी अळी, सहा पाय, पुढं जबडा. मग तिनं बरणीतलाच एक खरा मिलीबग उचलून तिच्या शेजारी ठेवला. थोड्या वेळात अळीनं त्याला धरून खायला सुरुवात केली. बागायतदार मायक्रोस्कोपला डोळा लावून बघतच बसला, उठेना. ती क्रिप्टोलेमसची अळी होती, म्हणजे मिलीबग खाणारा ऑस्ट्रेलियन भुंगा, १८९८ साली भारतात आणलेला, ज्याच्या अळीच्या अंगावर मिलीबगसारखंच पांढरं मेण असतं. लोक विकत घेऊन बागेत सोडतात ते हेच, आणि हा गडी ते मारायला औषध मागत होता. परत जाताना गाडीवर म्हणाला, दोन फवारण्यांचे पैसे वाचले.

हे मी एवढं सविस्तर लिहिलं कारण नोटीशीच्या कागदावर 'रिसर्च सेंटर' म्हणजे काय ते कुठंच दिसत नाही. तुमच्या मीटिंगमध्ये कुणाच्या डोळ्यासमोर जाडजूड थिसिस आले असतील, कपाटात पडलेले, कुणी न वाचलेले. खरं सांगायचं तर बरेचसे थिसिस तसेच असतात, मी काही सगळ्या पीएचडीची आरती करायला बसलो नाही, कट-पेस्टवाले पण बघितलेत. पण रिसर्च सेंटर म्हणजे थिसिस नव्हे. जिल्ह्यात समोर आलेला किडा, गवत, बुरशी, मासा कोणता आहे ते बघून खात्रीनं सांगणारी माणसं तिथं तयार होतात, आणि ती बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सही घेऊन तयार होत नाहीत.

साधा मिलीबगच घ्या. द्राक्षावर जास्त करून गुलाबी मिलीबग येतो, पण दुसऱ्या जातीही असतात आणि डोळ्यानं बघून त्या सगळ्या पांढऱ्याच. जात पक्की करायची तर किडा पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये गरम करून आतलं सगळं रिकामं करायचं, कातडी तेवढी ठेवायची, ती रंगवायची, स्लाईडवर नीट पसरून बसवायची आणि मग कडेनं असलेले मेणाच्या ग्रंथींचे पुंजके मोजायचे. एवढ्याशा किड्याचे पाय न तुटता हे करायला हात बसावा लागतो, आणि हात बसायला शेजारी हात बसलेला माणूस लागतो. ते पुस्तकात नाही, यूट्यूबवर थोडंफार असेल. आमच्या सरांनी त्यांच्या सरांकडनं घेतलं, त्यांनी ह्या पोरीला दिलं, ती आता कुणाला देणार?

कुणी म्हणेल आता मोबाईलवर ॲप आलीत, फोटो टाकला की नाव येतं. मी पण वापरतो. ठळक फुलझाड असेल, पक्षी असेल तर येतंय बरोबर बऱ्याचदा. पण त्या ॲपला शिकवलं कुणी, तर कुणीतरी आधी नाव पक्कं करून टाकलेल्या फोटोंनी. आणि जिथं स्लाईड केल्याशिवाय जातच कळत नाही तिथं फोटो काय करणार.

दुसरं हमखास ऐकायला येतं, की शेतीचं बघायला राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, कसबे डिग्रजला हळदीचं केंद्र आहे, मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आपण कशाला. ती केंद्रं आहेत म्हणून तर आम्ही टिकलोय, त्याबद्दल वाद नाही. पण ती पिकाकडनं बघतात, बघायलाच पाहिजे, त्यांचं कामच ते. पिकाच्या बाहेर जे आहे, बांधावरचं तण, ओढ्यातला शंख, कुठल्या झाडावर कुठली गांधीलमाशी अंडी घालते, ते बघायचं काम बॉटनी-झूऑलॉजीवाल्यांचं. आणि संकट येतं ते नेहमी पिकाच्या बाहेरनंच येतं.

२००२ आठवतंय का, तुमच्यातले निम्मे ऊसवाले आहेत म्हणून विचारतो. त्या जुलैत लोकरी मावा आला, महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसला तो आपल्याच सांगली जिल्ह्यात. पानाखाली कापसासारखा थर, खालच्या पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, फडात शिरून बाहेर आलं की माणूस पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखा पांढरा. ऊस डोक्याच्या वर गेलेला, फवारायला आत शिरता येत नाही, आणि औषध पानाच्या पाठीमागं पोचतच नाही. लोकांनी काय नाय ते मारून बघितलं. शेवटी मावा आटोक्यात आला तो त्याला खाणाऱ्या किड्यांमुळं, कोनोबाथ्राची अळी, मायक्रोमस, आणि नंतर ईशान्य भारतातनं आणलेली एन्कार्सिया ही बारीक माशी. आमच्या गावात लोक कोनोबाथ्राच्या अळ्या असलेली पानं तोडून पावण्या-रावळ्यांच्या फडात नेऊन लावायचे, ते मी डोळ्यानं बघितलंय. आता विचार करा, माव्याच्या थरात एक हिरवट-करडी अळी दिसतीय, सगळे औषध घेऊन मारायला निघालेत, आणि कुणीतरी म्हणतंय थांबा, ही अळी मावा खाणारी आहे, हिला मारू नका. हे म्हणायला किडा ओळखणारा माणूस लागतो आणि तो संकट आल्यावर जाहिरात देऊन भरती करता येत नाही, आधीपासनं कुठल्यातरी कोपऱ्यातल्या लॅबमध्ये, कुणाला काय पडलेली नसताना, किडे गोळा करत बसलेला असावा लागतो.

शेजारच्या साताऱ्याचं बघा. कासचं पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर गेलं, आज सप्टेंबरात तिथं गाडी लावायला जागा नसते, हॉटेलं चालतात, गावातल्या पोरांना रोजगार मिळाला. ती फुलं तर आधीपासूनच उगवत होती, पण ह्यातलं हे झाड जगात दुसरीकडं कुठं नाही हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं ना. तिथल्या तळ्या-डबक्यात येणारा वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाटे फुटलेला तुरा, त्याची स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नोंद झाली १९८२ साली. ती करणाऱ्या तिघांमधले एक डॉ. एस. आर. यादव, ज्यांनी पुढं शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनीत विद्यार्थ्यांची आख्खी फळी उभी केली आणि कंदीलपुष्पाच्या नामशेष व्हायला आलेल्या जाती वाढवून जगवल्या. ही माणसं काही परदेशातनं आली नव्हती, इथलीच पठारं फिरून त्यांनी हे काम केलं.

आणि कासवरच एक गोष्ट आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. टोपली कारवी हे तिथलं झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं. पीएचडीला यूजीसीच्या नियमात मूळ मुदत सहा वर्षं, वाढवून मिळाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे एका विद्यार्थ्यानं कितीही घासली तरी कारवीचं एक पूर्ण चक्र त्या मूळ मुदतीत बसत नाही. गुरं चरली तर फुलं कमी होतात का वाढतात, कुंपण घालावं का काढावं, ह्यावरनं तिथं किती वर्षं भांडणं झाली, त्याचं उत्तर दरवर्षी त्याच चौकटीत तीच झाडं मोजल्याशिवाय मिळत नाही. एकानं मोजायचं, वही पुढच्याला द्यायची, त्यानं पुढं मोजायचं. सेंटर चालू असेल तरच ही वही पुढं जाते, मधे पाच वर्षं बंद ठेवून परत चालू करू म्हटलं तर मधली पाच वर्षं परत मोजता येत नाहीत. तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं असं कानावर आलं की 'आत्ता बंद करू, पुढं गरज वाटली तर परत चालू करू', त्यासाठी हे लिहिलं.

आता हर्बेरियमबद्दल. लॅबच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं आहेत, त्यात हजारो शीट्स, वाळवलेली झाडं कागदावर शिवून-चिकटवून, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल, गाव, तारीख, जमीन कसली, कुणी आणलं. काही तर अजून जुन्या पेपरच्या घडीतच आहेत, त्या पेपरावर जुन्या सिनेमांच्या जाहिराती. नॅकची, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणारी, कमिटी आली तेव्हा ह्याच खोलीच्या दारात रांगोळी काढली होती आणि त्यांना पहिल्यांदा हीच कपाटं दाखवली होती, रिसर्चच्या क्रायटेरियाला मार्क पडतात म्हणून, हे कुणी विसरलं नसेल अशी आशा आहे. २०१९ च्या महापुरात पाणी वाढायला लागल्यावर पोरांनी रातोरात गठ्ठे डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेले. त्यात जत-आटपाडीच्या माळावरनं आणलेली झाडं आहेत, टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी पोचायच्या आधीची. आज तिथं डाळिंब आहे, द्राक्ष आहे, काही ठिकाणी ऊससुद्धा उभा आहे, चांगलंच झालं, दुष्काळात टँकरच्या मागं पळणाऱ्या लोकांना पाणी मिळालं ह्याच्याविरुद्ध बोलायची माझी हिंमत पण नाही आणि इच्छा पण नाही. पण त्या माळावर आधी कुठलं गवत होतं, कुठलं झुडूप होतं, हे बघायचं तर ती शीट्सच बघावी लागणार, ते माळ तर आता नांगरून गेले.

अशा शीट्सचं काय होतं ते सांगतो. डांबराच्या गोळ्या वेळेवर बदलल्या नाहीत, पावसाळ्यात खोली उघडली नाही, तर आधी बुरशी येते आणि मग बारीक तपकिरी किडा लागतो, तोच जो सिगारेट-तंबाखूत होतो. एखाद-दुसऱ्या वर्षात कागद शिल्लक राहतो आणि झाडाचा भुगा होतो. तसंच किड्यांच्या पेट्यांचं, टाचणी राहते आणि खाली धूळ. कपाटं 'तात्पुरती' जिन्याखाली हलवायचं ठरलंय असं ऐकतोय. जिन्याखाली म्हणजे संपलं.

बंद करायचं कारण काय, तर गाईड नाहीत. हे मात्र खरंय, आणि ते सगळं तुमच्या हातात नाही हेही मला कळतं. शासनाची भरती वर्षानुवर्षं रखडली, जुने सर रिटायर झाले, यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवीन विद्यार्थी घेता येत नाही, आणि त्यांच्या जागी जे शिकवतात ते सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. स्वतः पीएचडी, नेट पास, पेपर छापलेले, पण परमनंट नाहीत म्हणून गाईड होता येत नाही. तासावर पगार, सुट्टीत तोही नाही. मग गाईड नाही म्हणून सेंटर बंद, सेंटर बंद म्हणून उद्या शासन म्हणणार वर्कलोडच नाही, पद कशाला देऊ, पद नाही म्हणून एमएस्सीपण बंद. हा जिना खाली कुठपर्यंत जातो ते एकदा बसून बघा. शासनाकडं जागा भरा म्हणून संस्थेनं किती वेळा पत्रव्यवहार केला ते सांगा, आम्ही माजी विद्यार्थी तुमच्याबरोबर यायला तयार आहोत, मुंबईला या म्हणालात तर मुंबईला येतो.

पैशाचं कारण मात्र मला पटत नाही. जेआरएफ असलेली पोरं महिन्याला ३७ हजार फेलोशिप दिल्लीकडनं घेऊन येतात, सारथी-बार्टी-महाज्योतीवाल्यांची फेलोशिप राज्याकडनं, ती कितीही उशिरा आली तरी संस्थेच्या गल्ल्यातनं जात नाही. संस्थेला लागतं ते लाईट बिल, थोडी केमिकल्स आणि खोली. खोलीचाच प्रश्न आहे ना, की त्या खोलीत साठ कॉम्प्युटर बसतात आणि साठ फिया येतात? तर तसं स्पष्ट लिहा नोटीशीत, तांत्रिक अडचण कशाला म्हणता. कॉम्प्युटर लॅबला माझा विरोध नाही, माझाच पोरगा उद्या तिथं ॲडमिशन घेईल, पण वरच्या मजल्यावर दोन वर्ग वर्षभर कुलूपबंद आहेत हे कॉलेजच्या शिपायापासून सगळ्यांना माहितीय.

राहिली ती पोरं, जी मधेच अडकलीत. एमफिल तर त्याच २०२२ च्या नियमांनी बंद झालं, त्यामुळं एमएस्सीनंतर रिसर्चला आता हा एकच दरवाजा. कोल्हापूरला जा म्हणणं सोपं आहे. जतची पोरगी अर्ध्या तिकिटात सांगलीपर्यंत येते, संध्याकाळी घरी पोचते म्हणून घरचे पाठवतात. कोल्हापूर म्हटलं की होस्टेल, खर्च, आणि मग 'बास झालं शिक्षण, एक स्थळ आलंय' हे वाक्य. पोरगा असला तर एमपीएससीच्या क्लासला पुण्याला. आणि जिचं फील्डवर्क इथल्याच द्राक्षबागांत चाललंय, तीन हंगामांची मोजणी झालीय, तिनं नवीन गाईडकडं जाऊन विषय बदलायचा का? मुदतीचं घड्याळ तर थांबत नाही. ज्या पोरीनं ती बरणी बघितली तिची सबमिशन अजून व्हायची आहे, आणि तिला सांगितलं गेलंय की महिन्याअखेर टेबल रिकामं करा.

माझं मागणं फार मोठं नाही. जी पोरं आज रजिस्टर आहेत त्यांचं सबमिशन होईपर्यंत लॅब आणि टेबल जागेवर राहू दे, शिवाजी विद्यापीठाशी बोलून तिथल्या गाईडबरोबर इथंच काम करायची सोय करा, विद्यापीठाला विचारल्याशिवाय 'होत नाही' म्हणू नका. रिटायर झालेले सर अजून गावातच आहेत, आठवड्यातनं दोन दिवस येऊन पोरांना शिकवायला ते एका पायावर तयार आहेत, मी विचारून आलोय, मानधन पण नको म्हणाले. हर्बेरियम आणि किड्यांच्या पेट्यांची यादी करा, आणि खरंच सांभाळायचं नसेल तर शिवाजी विद्यापीठाला किंवा पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या केंद्राला रीतसर पत्र देऊन विचारा, पण जिन्याखाली टाकू नका. आणि निर्णय ज्या मीटिंगमध्ये झाला तिचं इतिवृत्त बाहेर काढा, त्यात सायन्सच्या किती शिक्षकांनी सही केली तेवढं आम्हाला बघू द्या.

डांबराच्या गोळ्या, कपाटांची दुरुस्ती, मायक्रोस्कोपचे बल्ब, एवढा खर्च आम्ही जुनी पोरं मिळून उचलतो. आमच्या बॅचचे पाच-सहा जण आजच हो म्हणालेत, बागायतदारांकडं पण शब्द टाकतो, ते नाही म्हणणार नाहीत.

पाऊस तोंडावर आलाय. मागच्या खोलीची चावी सध्या कुणाकडं आहे तेवढं ऑफिसमधनं कळवा, ह्या रविवारी येऊन आम्ही गोळ्या बदलून जातो, बाकीचं तुमच्या पुढच्या मीटिंगला समोरासमोर बोलू.

आपला,
एक माजी विद्यार्थी, एमएस्सी झूऑलॉजी
(कृषी सेवा केंद्रवाला, ता. तासगाव, जि. सांगली)